आत उघडणारं दार

विभागात तिला सगळे लेबलबाई म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. तिच्या जेवणाच्या डब्यावरही तारीख लिहिलेली असते असं विद्यार्थी एकमेकांना सांगत. ते खरं नव्हतं, पण अगदीच खोटंही नव्हतं. रसायनशास्त्राच्या पाच प्रयोगशाळांतून जे काही वापरून झालेलं, बिघडलेलं, नको झालेलं निघे, ते शेवटी तिच्याकडे येई. क्लोरीन असलेले द्रावक एका कॅनमध्ये, नसलेले दुसऱ्यात. आम्लं डावीकडच्या कपाटात, अल्कली उजवीकडच्या, आणि त्या दोघांची गाठ पडू नये म्हणून मधे खोलीभर अंतर. प्रत्येक कॅनखाली ट्रे, प्रत्येक कॅनवर लेबल: काय, किती, कोणी, कधी. "बेसिनमध्ये ओतलं की आपण मोकळे," ती नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगे, "पण तिथून ते कुठे जातं ते आधी मला सांगा, मग खुशाल ओता." आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

हा सगळा पसारा इमारतीच्या तळघरातल्या एका खोलीत राही. जिना उतरला की आखूड बोळ, आणि बोळाच्या टोकाला जाड लोखंडी दार. ते आतल्या बाजूला उघडायचं आणि स्प्रिंगमुळे आपलं आपण बंद व्हायचं. असलं दार बाहेर उघडायला हवं, हे तिने तीनदा लेखी कळवलं होतं. बोळ अरुंद आहे, असं तीनदा लेखी उत्तर आलं होतं. खोलीला खिडकी नव्हती. छताजवळ हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा होता, तो दिवसरात्र घरघरत असे. भिंतीवर तापमापक, मधे एक लोखंडी टेबल, आणि जाळीच्या दारांची सहा कपाटं. किल्ली तिच्या गळ्यात. दुसरी विभागप्रमुखांकडे, सीलबंद पाकिटात.

त्या सोमवारी विल्हेवाटीची गाडी येऊन गेली. एक्केचाळीस कॅन, यादीत एक्केचाळीस खुणा, दोघांच्या सह्या. वर्षातून एकदाच खोली अशी रिकामी व्हायची. तिने फडकं घेतलं आणि एकेक कपाट पुसायला घेतलं. सहाव्या कपाटाच्या तळच्या फळीवर, अगदी मागे, एक तपकिरी काचेची बाटली उभी होती.

लेबलाचा कागद होता, अक्षर उडालेलं. झाकणाभोवती आणि मानेवर साखर चिकटावी तसे पांढरे स्फटिक जमले होते.

तिने फडकं हळूच खाली घेतलं. जुनं इथर. हवेच्या संगतीत वर्षानुवर्षं राहिलं की त्यात हे स्फटिक धरतात, आणि मग झाकण फिरवायचीही गरज राहत नाही. स्फोटाला एक धक्का पुरतो. हे सगळं तिला पाठ होतं. तिला कळेना ते वेगळंच. अकरा वर्षं, दर महिन्याला, ती ही फळी पुसत आली होती.

"हात लावला नाहीत ना?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"नाही."

"बॉम्बनाशक पथकाला कळवतो. पण त्यांचे अर्ज, परवानग्या... शुक्रवार उजाडेल."

"तोवर?"

"तोवर खोली बंद. सकाळी तापमान तेवढं बघत चला. तुम्ही आहात, म्हणून मला काळजी नाही."

मंगळवारी सकाळी बाटली फळीच्या पुढच्या कडेला होती. मागे, जिथे ती उभी होती तिथे, धुळीत स्वच्छ गोल होता. गोलापासून कडेपर्यंतची धूळ जशीच्या तशी. पंख्याच्या थरथरीने सरकली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. सरकली तर माग उमटायला हवा होता, हे सांगायचं टाळलं. कपाटाचं जाळीचं दार लोटून तिने त्यावर आडवी लाल पट्टी चिकटवली, पट्टीवर तारीख आणि सही केली.

बुधवारी पट्टी शाबूत होती. सही पट्टीवरून दारावर उतरली होती ती रेघसुद्धा जुळत होती. बाटली कपाटाच्या बाहेर होती, जमिनीवर, खोलीच्या मधोमध, टेबलाखाली.

तिने हे वर कुणाला सांगितलं नाही. कारण तसं साधं होतं. तिच्या वडिलांनी अखेरची दोन वर्षं घरातल्या वस्तू इकडच्या तिकडे केल्या होत्या. चष्मा पिठाच्या डब्यात, किल्ल्या उशीच्या अभ्र्यात. आणि मी नाही केलं, असं ते इतक्या खरेपणाने म्हणत की ऐकणाऱ्याचंच मन चरके. किल्ली तिच्या गळ्यात होती. मग बाटली हलवली कुणी, याचं उत्तर द्यायला फारशी हुशारी लागत नव्हती.

रात्री जेवताना तिने नवऱ्याला विचारलं, "मी झोपेत चालते का रे?"

"चालत नाहीस. घोरतेस मात्र."

तो हसला. तिने भांडी आवरायला घेतली आणि प्रत्येक भांडं कुठे ठेवलं ते मनात घोकत राहिली.

गुरुवारी अकरा वाजता ती खाली गेली. दार ढकललं, आधी जमिनीवर नजर टाकली. जमीन रिकामी. कपाटाशी जाऊन तिने जाळीतून वाकून पाहिलं. बाटली मागे होती, आपल्या गोलात. पट्टी अखंड.

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणजे बुधवारचं काही खरं नव्हतं, किंवा आजचं नव्हतं. पण निदान आत्ता, या घडीला, सगळं जिथल्या तिथे होतं. तिने तापमापक पाहिला. चोवीस अंश. वहीत लिहिलं, पेनाचं टोपण लावलं आणि जायला वळली.

बाटली दाराशी होती.

उभी नव्हती. तिरकी होती. तळाची एक कड जमिनीवर आणि मान दाराच्या लोखंडाला टेकलेली. काठी भिंतीला टेकवून ठेवावी तशी. स्फटिक मानेवरून पोटापर्यंत उतरले होते.

तिने मागे वळून कपाट पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही.

काही वेळ ती नुसती उभी राहिली. मग विचार करू लागली, कारण तेवढं एकच तिला येत होतं. दार आत उघडतं. आपण ओढलं तर बाटलीचा आधार जाईल, ती पडेल. बाहेरून कुणी ढकललं तर दार तिला घेऊनच आत येईल. उचलावी तर तेवढा धक्काही पुरेल. मोबाइलला तळघरात रेंज नाही. भिंती चारही बाजूंनी जाड, आणि पंखा माणसाच्या डोक्यावर दीड हात.

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. साडेअकराला मामा चहाला बोलवायला येणार.

मामा म्हणजे विभागाचे जुने शिपाई. दार जरा अडकायचं, म्हणून ते मुठीला हात घालून सरळ खांदा लावत. गेली अकरा वर्षं रोज, न चुकता.

तिने वहीचं पान फाडलं. फाडण्याचा आवाज तिला एवढा मोठा कधी वाटला नव्हता. मोठ्या अक्षरांत लिहिलं: दार ढकलू नका. बाटली दाराला टेकली आहे. मी आत आहे. सरांना सांगा. मग ती बिजागरीच्या बाजूने, बाटलीपासून जितकं लांब राहता येईल तितकं राहून, पोटावर पालथी झाली. दाराखालची फट बोटभर होती. कागद अर्धा बाहेर सरकवला. तिच्या तोंडापासून बाटली हातभर अंतरावर होती. बाटलीला वास नव्हता. इथरला वास असतो.

जिन्यावर चपला वाजल्या.

"मामा," ती ओरडली. "ढकलू नका. मामा, ढकलू नका."

पंखा घरघरत होता. दार जाड होतं.

चपला दाराशी थांबल्या. मूठ खाली झाली.

दार केसभर आत आलं. काच लोखंडावर किणकिणली.

"नको. मामा, नको."

दार तिथेच थांबलं. आत येईना, मागे जाईना. तिने श्वास धरला. काचेचा बारीक आवाज चालूच होता, थंडीत दात वाजावेत तसा.

मग फटीतला कागद हळूच बाहेर ओढला गेला.

पुन्हा काही नाही. किती वेळ, तिला सांगता आलं नसतं. दार केसभर आत होतं तसंच होतं, आणि बाहेर मामा उभे होते; त्यांच्या पायांची सावली फटीत दिसत होती. ते जात का नाहीत, तिला कळेना. चिठ्ठी वाचायला एवढा वेळ लागत नाही.

शेवटी दार केसभर मागे गेलं. चपला जिन्याकडे पळत सुटल्या.

ती समोरच्या कोपऱ्यात जाऊन बसली आणि बाटलीवर नजर लावून राहिली. डोळे मिटायचे नाहीत, एवढंच तिने ठरवलं होतं. पापणी लवली तरी तिला धाक वाटे. बाराच्या सुमाराला कुणीतरी पंखा बंद केला. तेव्हा तिला कळलं की इतकी वर्षं या खोलीत शांतता कशी असते हे तिने ऐकलंच नव्हतं. बाटलीकडून अगदी बारीक, कोरडा आवाज येत होता. मीठ तव्यावर तडतडावं तसा. मधेच तो थांबे, आणि थांबला की तिला जास्त भीती वाटे.

दीड वाजता छताजवळ हत्यारांची खुडबुड सुरू झाली. पंखा सुटला, चौकोनी उजेड आत पडला, आणि त्यात एक शिरस्त्राण दिसलं.

"बाई, टेबलावर चढा. सावकाश. माझे हात धरा."

टेबल भिंतीशी न्यायचं म्हणजे फरशीवर घासणार. तिने एकेक पाय उचलून, टाचणीएवढं सरकवत, ते भिंतीला लावलं. वर चढली. हात धरायचे तर भिंतीकडे तोंड करणं भाग होतं. बाटलीकडे पाठ.

तिने पाठ केली. ते चार क्षण तिच्या मानेवर आजही आहेत.

बाहेर लख्ख ऊन होतं. इमारत रिकामी केली होती, मुलं पलीकडच्या मैदानात जमली होती. पथकाच्या प्रमुखाने तिच्या अंगावर चादर टाकली, पाणी दिलं, आणि थोड्या वेळाने तिच्यासमोर उकिडवा बसला.

"तुम्ही म्हणालात, दाराशी."

"हो."

"कॅमेरा सोडून पाहिलं. दाराशी काही नाही. बाटली सहाव्या कपाटात आहे, मागे. त्यावर लाल पट्टी आहे, तुमच्या सहीची."

विभागप्रमुखांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. ती नजर तिला ओळखीची होती. वडिलांकडे ती स्वतः तशीच पाहत असे.

पथकाने बाटली वाळूच्या पेटीतून मागच्या पडीक जागेत नेली आणि खड्ड्यात उडवली. तीन मजल्यांच्या खिडक्या थरारल्या. म्हणजे बाटली खरी होती, तेवढं तरी.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला, सगळे पांगल्यावर, ती जिन्याच्या पायरीवर बसली होती. मामा दोन कप चहा घेऊन आले आणि एक पायरी खाली बसले. सरांना निरोप दिल्यानंतर दिवसभर ते कुणाशीच बोलले नव्हते.

"चिठ्ठी वाचलीत म्हणून वाचले, मामा," ती म्हणाली. "माझं ओरडणं काही तुम्हाला ऐकू गेलं नसेल."

"गेलं की. चांगलं स्पष्ट गेलं."

"मग उभे का राहिलात एवढा वेळ? नको, नको म्हणून माझा घसा बसला."

मामांनी कप दोन्ही हातांत धरला. "मला नको ऐकू आलं नाही, ताई."

"मग काय आलं?"

"ढकल. जोर लाव, मी इथेच आहे, ढकल." त्यांनी तिच्याकडे न पाहता सांगितलं. "आवाज तुमचाच. हातातली चिठ्ठी म्हणते ढकलू नका, अक्षर तुमचं. दाराला खांदा टेकलेला. कुणाचं ऐकावं तेच कळेना."

"मग चिठ्ठीचं का ऐकलंत?"

मामांनी कप पायरीवर ठेवला.

"अकरा वर्षांत तुम्ही मला कधी अरे-तुरे केलेलं नाही," ते म्हणाले.