मंगळवारचा धूर

"माझ्या माशांत विष कालवलंय," लामिले दारातूनच म्हणाली. "अडोलेनं. आणि तिला फितवलंय मा अशिओकेनं."

मा अशिओके ही चोरकोर या समुद्रकाठच्या वस्तीतल्या मासळीबाजाराची राणी. भाव ती ठरवी, बाकीच्या बायका पाळत. एकटी लामिले तो मोडून स्वस्त विकी. आज, बुधवारी सकाळी, लामिलेचा चुलीच्या धुरावर भाजलेला मासा खाऊन निम्मी गल्ली इस्पितळात गेली. अडोले तिची मजूर. संध्याकाळी राणीची पंचायत बसणार होती. तिथं आरोप टिकला, तर अडोलेची रवानगी थेट तुरुंगात होणार होती.

"मासा कुठला?" कोर्कोई तागोएनं विचारलं. पोलिसातली नोकरी सोडून ती आता खासगी तपास करी.

"सोमवारचा. होडीवरचा ताजा."

कोर्कोईचा चुलतभाऊ अमार्टे रस्त्यात म्हणाला, "ताई, राणीचंच काम दिसतंय. नुकसान तिचंच होत होतं ना!"

"बघू."

राणी पाट्या मोजून घेत होती. "मी विष घालू? अगं, काल मंगळवार, समुद्रात उतरायचं नाही असा इथला नेम. होड्या वाळूवर, पोरं जाळी विणत बसलेली, चुली गार. धूर फक्त त्या शहाणीच्या चुलीतून निघत होता. अख्ख्या किनाऱ्यानं पाहिलाय."

अडोलेचे डोळे सुजले होते. "मासा काल दुपारी आला, ताई. वरून लिबलिबीत, आत बर्फाचा खडा. बोटं बधिर झाली. नेहमीसारखं शेपूट वाकवून तोंडात खोचायला गेले, तर पोटच फुटायला लागलं. मालकीण म्हणाली, सरळच मांड."

"मजुरी किती?"

"तुटके मासे, तीच मजुरी. माझी आई तेच खाऊन इस्पितळात पडलीय."

शीतगृहाचा मालक आन्सा कुमासी शहराहून येऊन इथं स्थिरावलेला. तो गोड हसला.

"बाजार मोकळा असावा, बाई. देणारा खूश, घेणारा खूश. राणीला निवडलं कुणी?"

"वीज नव्हती म्हणे?"

"दोन दिवस. जनरेटरचं डिझेल परवडतं कुणाला? माल उतरला, म्हणून काल सकाळी समोरच समुद्रात टाकून दिला. लामिलेला मी काही विकलेलं नाही."

परतताना अमार्टेनं चपला हातात घेतल्या. वाळू स्वच्छ होती. जाळी विणणाऱ्यांना कोर्कोईनं काहीतरी विचारलं. ते हसले.

संध्याकाळी राणीच्या ओट्यावर सगळे जमले.

"विष कुणीच घातलेलं नाही," कोर्कोई म्हणाली. "मासाच कुजलेला होता. सोमवारचा ताजा मासा सोमवारी रात्रीच चुलीवर चढतो. या उन्हात मंगळवार दुपारपर्यंत कोण ठेवतं? आणि होडीवरच्या माशाच्या पोटात बर्फाचा खडा कुठून येणार? मासा शीतगृहातला. वीज गेल्यावर अर्धवट वितळलेला."

"मी तो फेकला!" आन्सा ओरडला.

"समोर टाकलेलं भरतीबरोबर इथंच परत येतं. पोरं दिवसभर वाळूवर बसली होती. त्यांना एक मेलेला मासा दिसला नाही, एक कावळा उतरला नाही. तुम्ही तो विकलात."

"पण लामिलेला काय कळणार?" अमार्टेनं विचारलं.

"ताजा मासा वाकतो, कुजलेल्याचं पोट फुटतं. हे इथल्या लहान पोरीलाही कळतं. म्हणून ती म्हणाली, सरळच मांड. आणि कुजल्यावर माशातच तयार होणारं विष धुरानं जात नाही. अडोलेनं विष घातलं असतं, तर तिनं तोच मासा आईच्या ताटात वाढला असता का?"

लामिले उठली. "मी कुणाच्या घशात कोंबला? त्यानं स्वस्त दिला, मी घेतला. मी स्वस्त दिला, यांनी घेतला. सगळ्यांना स्वस्तच हवं होतं ना?"

"तुला जे माहीत होतं, ते त्यांना माहीत नव्हतं."

दोघांना पोलीस घेऊन गेले. राणीनं पदर सावरला. "बघितलंत ना स्वस्ताईचं फळ? उद्यापासून पाटीमागे भाव वाढेल."



अडोले पुढं झाली. "मा, मला तुमच्या चुलीवर घ्याल? आईच्या औषधाला..."

"धनिणीच्या घरातलं चव्हाट्यावर आणलंस, पोरी. उद्या माझंही आणशील."

अमार्टेनं ओट्यावरच्या बायकांकडे पाहिलं. प्रत्येकीच्या अंगणात चूल होती. एकीनंही अडोलेकडे मान वळवली नाही. त्या उद्याच्या भावाचं बोलत होत्या.