धरलंय, दाजी

आधी ते मोबाईल पालथे घाला. तो निळा उजेड तोंडावर पडला की तुम्ही आत्ताच मेल्यासारखे दिसता, आणि गोष्ट तर अजून सुरूही झालेली नाही.

गुरुवार होता. मार्च महिन्यातला दुसरा. रात्री सव्वानऊला मास्तरांनी पान्याला एक काम सांगितलं. साधं काम. साइटवरच्या पत्र्याच्या शेडमधला नकाशा काढून आणायचा. मालकाला फाटक दोन हात सरकवायचं होतं, तेवढी दुरुस्ती करून सकाळी सातच्या आत कागद परत भिंतीला लावायचा. सातला दुसऱ्या खड्ड्याचं खोदकाम सुरू होणार होतं.

"जातो," पाना म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. पण मास्तर बोर्डावर वाकलेले, ते कशाला बघतायत.

हा पाना म्हणजे प्लंबर. आमच्या ओळखीचा. आमच्या मोरीचा नळ त्यानेच बसवलाय आणि तो अजून गळतो, म्हणून माणूस चांगलाच लक्षात आहे. चाळिशी आली आणि त्याचे गुडघे गेले. उकिडवं बसता येत नाही तर प्लंबर काय उभ्याने मोरी दुरुस्त करणार? म्हणून तो मास्तरांच्या संध्याकाळच्या वर्गात जायला लागला. मास्तर जुने ड्राफ्ट्समन. दुकानावरच्या खोलीत सहा बोर्ड मांडून घरांचे नकाशे काढायला शिकवायचे. "कॉम्प्युटर नंतर. आधी हात," असं त्यांचं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी रेघा शिकवल्या. जाड रेघ म्हणजे भिंत. बारीक रेघ मापाची. आणि तुटक रेघ म्हणजे जे आहे, पण दिसत नाही ते. जमिनीखालची टाकी, डोक्यावरची तुळई. तीन मिलिमीटर रेघ, एक मिलिमीटर मोकळं. पुन्हा तीन, पुन्हा एक.

पान्याच्या हाताला वीस वर्षं लोखंड पिळायची सवय. सरळ रेघ तो झकास ओढायचा. तुटक रेघ आली की हात थरथरायचा.

"पानेराव," मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "ही रेघ आहे की कागदावरून कोंबडी चालत गेली?"

वर्ग हसला. पानाही हसला. पण ते त्याला लागलं. माणसाला शिवी पचते, हसू पचत नाही.

सहा महिन्यांनी मास्तरांनी त्याला पहिलं खरं काम दिलं. गावाबाहेरच्या रस्त्यावरची रिकामी जागा, तिच्यावर घर. मोजमापाला पान्याने मेहुण्याला बरोबर नेलं. मेहुणा खोदकाम करायचा. अंगाने धिप्पाड, तोंडाने फटकळ. पान्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. टेपचं टोक तो धरायचा आणि प्रत्येक वेळी तेच ओरडायचा, "धरलंय, दाजी! वाचा!" पाना आकडा वाचायचा. मग तिकडून, "लिहा! नाहीतर विसराल. ताईचा वाढदिवस विसरता तसे!"

तो टेपही लक्षात ठेवा. गेल्याच वर्षी घेतलेला, पिवळा, पोलादी. साइटवर कोणी ढापू नये म्हणून बायकोने त्याच्या टोकाच्या, अडकवायच्या आकड्याला आपलं लाल नेलपॉलिश लावलं होतं.

आता मुख्य गोष्ट. त्या जागेवर पूर्वी एक जुनं घर होतं. त्याच्या संडासाच्या दोन टाक्या जमिनीखाली होत्या. आठ वर्षांपूर्वी घर पाडलं तेव्हा त्या बंद कोणी केल्या? पान्यानेच. वर फरशा टाकल्या, सांधे सिमेंटने भरले, माती लोटली. नंतर जागा विकली गेली. नवा मालक, नवी माणसं. खाली काय आहे ते एकट्या पान्याला ठाऊक.

पेन्सिलच्या कागदावर त्याने दोन्ही टाक्या दाखवल्या होत्या. मग शाईचा पक्का कागद करायला बसला. भिंती झाल्या, मापं झाली, अक्षर तर छापल्यासारखं. राहिल्या फक्त तुटक रेघा. त्याने पेन उचललं. हात थरथरला. पेन ठेवलं. पुन्हा उचललं. सबंध कागद आरशासारखा स्वच्छ, आणि त्यावर आता कोंबडी चालणार...

नाही काढल्या. म्हणाला, मेहुणाच तर खोदणार आहे. तोंडी सांगू.

मास्तर घसा फोडून शिकवायचे की तोंडी सांगितलेलं बांधकाम तोंडातच राहतं. पण ऐकतो कोण.

खोदकामाच्या आदल्या संध्याकाळी मेहुणा घरी आला होता. निघताना चपला घालत म्हणाला, "दाजी, उद्या तुमच्या कागदावर भरवसा ठेवून कुदळ मारतोय हं. काही झालं तर ताईला तोंड तुम्ही द्यायचं!" तिघेही हसले. त्याच वेळी पान्याला फोन आला. कोणाच्या तरी घरात पाइप फुटला होता. पाना पिशवी घेऊन पळाला. सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला जमीन खचली. मेहुणा कुदळीसकट आत गेला. आत आठ वर्षांचा कोंडलेला वायू. वर काढला तेव्हा संपलेला होता.

चौकशी झाली. साहेबांनी नकाशा पाहिला. कागदावर टाकी नाही, म्हणजे कोणालाच माहीत नव्हती, म्हणजे कोणाचाच दोष नाही. खड्डा दगडमातीने भरून टाकला. पेन्सिलचा कागद पान्याने त्याच रात्री चुलीत घातला होता. आणि बायको त्याला म्हणाली, "एवढं तरी बरं, की तुमच्या कागदात चूक नव्हती. नाहीतर मी कोणाकडे बघितलं असतं?"

दोन महिने त्या माणसाने हे वाक्य गिळून काढले. आणि आता दुसऱ्या टाकीवर खोदकाम होणार होतं. सकाळी सातला. दुसरा एक खोदणारा येणार होता, लेकराबाळांचा.

पाना साइटवर पोचला तेव्हा दहाला दहा कमी होते. रस्त्यावर चिटपाखरू नाही. वारा नाही. शेडचं कुलूप काढलं, नकाशा उतरवून टेबलावर पसरला, बॅटरी उभी केली. नकाशाच्या कोपऱ्यात दुरुस्तीचा चौकोन असतो. काय बदललं, कोणत्या तारखेला, कोणी. खाली सही.

टाकी काढावी तर तारीख घालावी लागणार. तारीख घातली की मास्तर विचारणार, तुला आज कसं कळलं? मग बायको विचारणार.

बराच वेळ तो बसून राहिला. शेवटी म्हणाला, आधी माप तर घेऊ.

बॅटरी घेऊन बाहेर आला. कुंपणाच्या कोपऱ्यात लोखंडी गज होता. टेपचं टोक त्यात अडकवलं आणि तो मागे मागे चालत गेला. टेप सरसरत सुटत गेला. टाकी कुठे होती ते त्याच्या पायांना माहीत होतं. थांबला. बॅटरी टेपवर धरली.

टेप ढिला होता. जमिनीवर टेकलेला.

मग तो ताठ झाला.

हळूच. कोणीतरी टोक नीट धरावं तसा.

पान्याने गजाकडे उजेड टाकला. गज मोकळा होता. त्याने उजेड टेपवरून आणला. हातातून दोन वीत पुढे... आणि तिथून सरळ खाली. मातीत.

"धरलंय, दाजी."

आवाज मोठा नव्हता. जवळचाही नव्हता. बंद खोलीतून येतो तसा.

"वाचा."

पान्याचे डोळे आकड्यावर गेलेच. सवय. ओठ आपोआप हलले.

"चार... चार दहा."

खाली शांत. कुत्रं नाही. किडा नाही.

"लिहा."

पेन्सिल कानावर होती. कागद शेडमध्ये, वीस पावलांवर.

पान्याने शेडकडे पाहिलं.

"लिहा ना, दाजी."

आता त्यात चेष्टा नव्हती. रागही नव्हता. पान्याने नंतर सांगितलं की राग असता तर बरं झालं असतं.

त्याने टेप ओढला. येईना. दोन्ही हातांनी ओढला. खालूनही ओढ आली. कट् करून पोलाद तुटलं आणि तो उताणा पडला. उठला. पळाला. शेड उघडं, बॅटरी तिथेच, नकाशा तिथेच. ज्याला धड जिना चढता येत नव्हता तो माणूस दीड मैल पळत आला. हातात टेपची डबी.

घरी येऊन पांघरूण घेऊन पडला. सात वाजायला आठ तास होते. तोंड उघडायला एक क्षण पुरतो. बायको शेजारी होती. दोनदा म्हणाली, "अहो, काय होतंय?"

नाही बोलला.

पाच वाजले. सहा. सात वाजले तेव्हा तो जागाच होता, भिंतीकडे तोंड करून.

सव्वानऊला दार वाजलं. तो खोदणारा दारात उभा. जिवंत. हातात पिवळ्या पट्टीची गुंडाळी.

"वहिनी, हा टेप तुमच्याच घरचा ना? नेलपॉलिशवाला?" तो म्हणाला. "खड्ड्याच्या जागी मातीतून वर आला होता. ओढला तर येईना, म्हणून कुदळ न मारता हाताने माती सारली. खाली फरशी! हा नसता तर मी गेलोच होतो तुमच्या भावासारखा."

"फरशीखाली अडकला होता?"

"तेच तर कळत नाही. फरशीच्या सांध्यातून आत गेलेला. सांध्याला चीर नाही, वहिनी. जुनं सिमेंट, दगड झालेलं, आणि टेप त्याच्या मधून. ओल्या सिमेंटमध्ये ठेवून वर लिंपावं तसा. घण घालून फोडलं तेव्हा टोक मिळालं. आत टाकीत."

तो गेला. तिने पट्टी उलगडली. मग पलंगाखालची डबी घेतली आणि तुटकी टोकं एकमेकांना लावली. बरोबर बसली. चार मीटर दहा.

ती पान्याकडे वळली.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "मग कागदावर का नव्हतं?"

पान्याने खूप शोधलं. दुसरं उत्तर सापडलं नाही.

"तुटक रेघ... मला नीट येत नव्हती."

ती उठली. भांडली नाही, रडली नाही. त्या घरात त्या दिवसापासून तिने त्याच्याशी शब्द काढलेला नाही. स्वयंपाक करते. ताट वाढते. दारामागच्या खिळ्याला ती पट्टी टांगलेली आहे. पाना काही वर्गात परत गेला नाही.

ती पट्टी आम्ही हातात घेऊन पाहिली आहे. नेलपॉलिश तसंच आहे, लाल. टेपच्या टोकाला पोलादी आकडा असतो, अडकवायला. तो वाकलेला नाही, मोडलेला नाही. चपटा झालाय. एका बाजूला अंगठ्याचा खळगा आहे आणि दुसऱ्या बाजूला बोटाचा.