ओकावरची करडी कोल्हीण

संत मार्कोसच्या जत्रेला पाच दिवस उरले होते आणि आम्हाला करड्या कोल्ह्याचं कातडं हवं होतं. माझा धाकटा भाऊ फिदेन्सियो लेक मोठ्या तापात असताना नवस बोलला होता: ती उठली तर कातडं पाठीवर घेऊन संतापुढे नाचेन. नवस राहिला तर ताप परत येईल, ही धास्ती त्याला झोपू देत नव्हती.

नासारियोकाका पुढे, बंदूकवाला फिदेन्सियो मध्ये आणि जपमाळ ओढत मी मागे, असे आम्ही दरीत उतरलो. उघड्या माळाकडे काकांनी बघितलंसुद्धा नाही.

"करड्याला दाट झुडूप लागतं, कपारी लागतात," ते म्हणाले. एका उंच दगडावर रानफळांच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली. "बघा, दारावर पाटी लावलीय पठ्ठ्यानं!"

दुसऱ्या दिवशी कड्यावर माझ्या पायाखालचा दगड सुटला. घसरले! एक मूळ हाती लागलं. फिदेन्सियोनं बंदुकीचा पट्टा खाली सोडला. धरला. वर आले! कमरेला बांधलेला पाण्याचा तुंबा मात्र सुटून खाली जाऊन फुटला.

"ताई, तुझ्या जपमाळेतल्या मारियामाईनं तुला ठेवलं, पाणी नेलं."

"तिला बोलू नकोस. गाठ मीच सैल बांधली होती."

पुढचा झरा कोरडा निघाला. संध्याकाळपर्यंत जीभ टाळूला चिकटली. तेवढ्यात झुडपातून एक करडी सावली सरकली, तोंड ओलं! ती आली त्या वाटेनं आम्ही रांगत गेलो. कललेल्या ओकाच्या झाडाखाली खडक पाझरत होता.

आमच्याकडे प्रत्येक झऱ्याला मालक असतो, दिसो वा न दिसो. पहिली ओंजळ त्याची. फिदेन्सियोनं ती जमिनीवर सोडली, "तुझ्या घरचं पितोय" म्हणाला आणि पोटभर प्याला.

वर नखं खरखरली. तीच कोल्हीण मांजरासारखी खोडाला कवटाळत चढत होती! ढोलीतून तीन पिल्लांची काळपट तोंडं बाहेर आली.

फिदेन्सियोनं बंदूक उचलली. नेम सोपा होता.

"मार," काका कुजबुजले. "नवस तुझा आहे."

"ताई, कुणाच्या घरचं पाणी प्यालो गं मी?"

मी जपमाळेवरचा हात काढला. दोन दिवस प्रत्येक मण्यावर मी याच कातड्यासाठी प्रार्थना केली होती.

त्यानं बंदूक खाली केली. "संताला काय सांगू?"

"झालं ते सांग," मी म्हणाले.

जत्रेत तो घायपाताच्या दोरांची झूल पांघरून नाचला. मी ती राखेनं करडी केली होती आणि शेपटीवर काळा पट्टा ओढला होता.

"बाबा, खरा कोल्हा कुठाय?" लेकीनं ओरडून विचारलं.

"घरी. पिल्लांपाशी."

मी हळूच तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं.