शीतगृहातला हात

शुद्धलेखनाच्या चुका होतील, माफ करा. शाळा लवकर सुटली. शब्दही साधेच आहेत, पण घडलं तसंच सांगतो.

मी फळांच्या शीतगृहात पेट्या रचतो. आमच्याकडे रीत अशी, की आत जाणाऱ्याने दाराबाहेरच्या खुंटीला टोपी अडकवायची. टोपी दिसली की बाहेरून कोणी कडी लावत नाही.

त्या दुपारी पेट्या आणायला गेलो आणि टोपी डोक्यावरच राहिली. जिच्यावर जीव होता, ती पोरगी "आता भेटायला नको," असं म्हणाली, तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नव्हतं. आईलाही सांगितलं नव्हतं. आतलं बाहेर ऐकू जात नाही, म्हणून मागच्या भिंतीशी बसून पोटभर रडलो.

खुंटी रिकामी पाहून यंत्र सांभाळणाऱ्या मिस्त्रीने दिवा मालवला. कडी पडली.

ओरडलो. दाराची आतली मूठ गोठून बसलेली. परत मागे येऊन बसलो. यंत्राची घरघर, सफरचंदांचा गोड ओला वास, आणि डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. हळूहळू थंडी वाजायची थांबली. डोळे मिटू लागले. वाटलं, बरंच झालं...

"सरक जरा."

शेजारी कोणीतरी बसलं. आवाज म्हाताऱ्या बाईचा.

"तुम्ही... कोण?"

"ते राहू दे. इथे झोपायला आलायस?"

"ती गेली हो..."

"ती तिच्या घरी गेली. तू कुठे चाललायस?"

मी गुडघ्यांत डोकं घातलं.

"घरी कोण आहे?"

"आई."

"मग ऊठ, मेल्या! या कोपऱ्यातल्या पेट्या त्या कोपऱ्यात लाव. थांबू नकोस..."

पाठीवर हात पडला. गरम. त्या गारठ्यात इतका गरम हात... खरं सांगतो, भीतीनेच उठलो. चाचपडत पेट्या उचलत राहिलो. अंगात ऊब आली तसं पुन्हा रडू आलं. पण आता मला घरी जायचं होतं.

दार उघडलं. मिस्त्री घामाघूम.

"बावळ्या, टोपी कुठे तुझी? नशीब, दारावर थापा मारत होतास!"

मी तर मागच्या कोपऱ्यात होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला सगळं सांगून टाकलं. तिने चुलीवरचं पाणी उतरवलं. मग म्हणाली, "गेली तर जाऊ दे. तू आहेस ना? आंघोळ कर, गरम खा आणि कामाला लाग."

मी सदरा काढला.

"अरे, हे पाठीवर काय?"

लाल पंजा उमटला होता म्हणे. तिने त्यावर आपला हात ठेवून पाहिला. बोटाला बोट जुळलं.

तिचा हात बर्फासारखा गार पडला होता. मी तो दोन्ही हातांत धरला आणि ऊब येईपर्यंत चोळत बसलो. कामावर त्या दिवशी उशिराच गेलो.