फ्रेंच सरदाराचा जिना

जिना इतका अरुंद होता की एका वेळी एकालाच जाता यावं. सुनीती वर चढत होती आणि चुन्याची बादली घेतलेला एक तरुण खाली उतरत होता. वळणावर दोघं अशी समोरासमोर आली, की तिचं नाक जेमतेम बादलीबाहेर राहिलं.

“अगं बाई!”

“तू मराठी?” तो थबकला. भुवयांवरसुद्धा पांढरा चुना. “मी अर्जुन. ही जिना... माझी आहे. म्हणजे, रिपेअर मी करतो.”

“ही नाही, हा जिना.” ती हसू दाबत म्हणाली.

“जिना बॉय आहे?”

“हो. आणि तू त्याच्या मधोमध उभा आहेस.”

सुनीती नागपूरची, लेस्टरच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. सुट्टी मिळाली म्हणून गावाबाहेरचा हा किल्ला बघायला एकटीच आली होती. अर्जुन नॉटिंगहॅममध्ये जन्मलेला, जुन्या इमारतींची डागडुजी करणारा गवंडी. हातातलं काम ठेवून त्याने तिला किल्ला दाखवला. नऊशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या एका खेड्यातून आलेल्या सरदाराने तो बांधलेला. बारा फूट जाड भिंती, त्यांत बाण मारायच्या फटी... बाहेरून चिंचोळ्या, आतून ऐसपैस.

“ही छोटी खोली कसली?”

“टॉयलेट. सरदार कपडे इथेच टांगायचा म्हणतात. वासाने कपडे खाणारी कसर पळते.”

“शी! मग त्याच्या जवळ कोण जात असेल?”

“सगळ्यांना सेम वास. नो प्रॉब्लेम!”

ती खळखळून हसली. “आणि जिना उजवीकडेच का वळतो?”

“गाइड सांगतो, वरच्या माणसाला तलवार चालवायला सोपं. पण प्रूफ नाही. मला वाटतं...” तो अडखळला, “दोन माणसं एकदम जवळ यावीत म्हणून.”

सुनीतीला एकाएकी फटीबाहेरची मेंढरं फारच बघण्यासारखी वाटू लागली.

मग जवळजवळ दर रविवारी ती यायची, डब्यात पोहे नाहीतर थालीपीठ घेऊन. अर्जुनने तिला सांधे भरायला शिकवलं. आधी दगड ओला करायचा, मग चुना हळूहळू दाबायचा. दाबताना त्याचा हात तिच्या हातावर यायचा... आणि जरा जास्तच वेळ राहायचा.

ऑक्टोबर सरला. थंडीत ओला चुना गोठून फुटतो, म्हणून काम बंद होणार होतं. त्या रविवारी अर्जुनने डबा उघडलाच नाही.

“फ्रान्सला जॉब मिळाला. त्याच सरदारच्या गावात, त्याचा पहिला किल्ला. दोन वर्षं.” त्याने थापी पुसली, पुन्हा पुसली. “तू थांब म्हणालीस, तर—”

“वेडा आहेस का? असं काम पुन्हा मिळेल?” ती पटकन म्हणाली. बसमध्ये मात्र तिचे डोळे सारखे भरून येत होते.

पुढच्या रविवारी ती आली ती फोन पुढे करतच. “लेस्टरहून लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनला थेट ट्रेन आहे. फ्रान्सला जाणारी युरोस्टार तिथूनच सुटते. मला व्हिसा लागेल. फॉर्म भरतेय, बघ.”

अर्जुनने फोन हातात घेतला. “भेटीचं कारण काय लिहिलंस?”

“‘फॅमिली ऑर फ्रेंड्स’ असा दोन्हींना मिळून एकच पर्याय आहे. दोन्हींतलं कुठलं, ते विचारत नाहीत.”

“मी विचारतो.” त्याचा आवाज एकदम हळू झाला. “कुठलं, सुनीती?”

वाऱ्याने तिची बट तोंडावर आली. तिने ती मागे सारली नाही.

“आत्ता फ्रेंड्स,” ती म्हणाली. “पण फॉर्म दर खेपेला नवा भरावा लागतो...”