तिघांचा परवाना

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. भिंतीलगत लाकडी बाक, वर कुरकुरणारा पंखा, खिडकीआड जांभया देणारा कारकून. बाकावर एक आठ वर्षांची मुलगी, तिला सगळे छोटी म्हणत, आणि शेजारी तिची आई. सकाळपासून बसून दोघींच्या पायांना मुंग्या आल्या आहेत.

दूर डोंगरात, जिथे परवान्याशिवाय कुणालाच जाता येत नाही, तिथे छोटीचे बाबा हवामानाच्या नोंदी घेत. ते आजारी पडले होते. बर्फाने वाट बंद होण्याआधी त्यांना घरी आणायचं होतं. त्यासाठी लागणाऱ्या परवान्यापायी आठवडाभर दोघींची नुसती पायपीट चालली होती.

आधी फोटो काढले. फोटोवाल्याने तीन पाकिटं हातात ठेवली. तिसऱ्यात नुसतं रिकामं स्टूल आणि मागचा पडदा.

"हे कुणाचे?" आईने विचारलं.

"तुमच्याबरोबरच्यांचे की! जराही हलले नाहीत. नाहीतर ही तुमची लेक, वारं प्यायलेली!"

आईला हसायचंही त्राण नव्हतं. तिने तिन्ही पाकिटं पिशवीत कोंबली.

मग दवाखाना. डॉक्टरांनी दोघींना तपासलं आणि दाखले लिहिले. तीन.

"तिसऱ्यांची नाडी फार मंद आहे," ते मान वर न करता म्हणाले. "हातही गार पडलेत. थंडीत जपा हं त्यांना."

"डॉक्टर, आम्ही दोघीच आहोत."

पण तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

"दिवसभर माणसं तपासून डोकं चालेनासं होतं त्यांचं," जिना उतरताना आई म्हणाली. छोटीने मागे वळून पाहिलं. जिन्यावर कुणी नव्हतं.

आणि आज आईने खिडकीत पिशवीतले सगळे कागद न निवडता तसेच सरकवले होते. परवाना आला. एकूण व्यक्ती: तीन.

"साहेब, चूक झाली. आम्ही दोघीच."

"फोटो तीन, दाखले तीन. दुरुस्तीला नवा अर्ज करा, ताई. पंधरा दिवस लागतील."

"तोवर वाट बंद होईल हो!"

"मग जा असंच. फक्त चौकीवर ड्रायव्हर सोडून डोकी मोजतात. एक जरी कमी भरलं, तर गाडी परत."

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप चौकीशी थांबली. मागच्या सीटवर आई, मधे छोटी, पलीकडे रिकामी जागा. आईने छोटीचा हात घट्ट धरला.

पहारेकरी खिडकीत वाकला.

"एक. दोन."

तो थांबला. त्याचं बोट रिकाम्या जागेकडे वळलं.

"तीन. जाऊ दे!"

आडवा बांबू वर गेला. आई समोर बघत राहिली.

गार वारा आत आला. छोटीला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. तिने आपल्या शालीचं टोक उचललं आणि पलीकडे पसरलं.

शाल सीटला टेकली नाही.

छोटीने ती कडेने नीट खोचून दिली.