खूण जुनी, रांग नवी

पासवर्ड बरोबर होता. हिराला त्याची पक्की खात्री होती, कारण ते तिच्या लाडक्या मेंढीचं नाव होतं आणि ते ती झोपेतसुद्धा चुकली नसती. तरी पडदा काळा झाला, लुकलुकला… आणि पुन्हा तीच चौकट समोर. नाव लिहा. पासवर्ड लिहा.

"अगं बया, लिहिला की मघाशी!" ती पडद्यावरच खेकसली.

"त्याला न्हाई ऐकू येत. सकाळपासून मी लई बोलून बघितलं."

हिरा वळली. खिडकीच्या उजेडात खांद्यावर वायरचं वेटोळं घेऊन एक उंच, सावळा पोरगा उभा होता. त्याच्यामागं, खिडकीपल्याडच्या रानात, खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या जाळीदार छत्र्या आभाळाकडं तोंड करून बसल्या होत्या.

"तुमी कोण?"

"प्रबुद्ध. पारगावचा. दिवाळीच्या सुट्टीत इथं लागलो. ही लॅब सांभाळायला."

"मग सांभाळा की, राव!"

तो हसला. हसताना त्याची मान खाली जायची, आणि हसू लपवायला जागा नसल्यासारखं डोळ्यांत यायचं. हिराला उगाचच ओढणी सारखी करावीशी वाटली. पण लाजायला आज वेळ नव्हता.

साल दोन हजार चार. खोडदच्या वाटेवरच्या त्या कॉलेजात दिवाळीनंतरचा पहिला दिवस, आणि दुपारी पुण्याहून परीक्षक यायचे होते. हिरानं पाऊस, गवत आणि पाणवठे बघून मेंढरं कुठं न्यावीत हे सांगणारा प्रोग्रॅम केला होता. तो दाखवता आला तरच ती पास होणार होती. ती बोरीहून निघताना तिचे वडील म्हस्कू म्हणाले होते, "पास झाली तर शिक पोरी, कितीबी शिक. न्हाई तर आत्याचा मच्छिंद्र वाट बघतोय." मच्छिंद्र वाईट नव्हता. पण तो दर भेटीत तिला एकच विचारायचा, 'भाकरी जमती का?'

"माझा प्रोग्रॅम गेला का ओ?" तिचा आवाज बारीक झाला.

"न्हाई गेला. इथल्या संगणकांवर कुणाचंच काही नसतं. सगळ्यांचं सामान आतल्या खोलीतल्या मोठ्या यंत्रात. त्याला आमी घर म्हणतो. तुमी कुठंबी बसा, तुमचं घर वायरीतून तुमच्यापाशी येतं."

"म्हणजे आमच्यासारखंच. आमचं बिऱ्हाड घोड्यावर. जिथं मेंढरं, तिथं घर."

"मग तुमाला लवकर कळंल," तो म्हणाला आणि शेजारची खुर्ची ओढून बसला. जरा अंतर ठेवूनच… पण खुर्चीची चाकं गुळगुळीत होती.

तेवढ्यात मागच्या बाकावरून नवनाथ ओरडला, "ओ भाऊ, सगळ्या वर्गाला बेघर केलं का काय?" पोरं खिदळली. संगणक शिकवणाऱ्या अमृता मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं. "प्रबुद्ध, परीक्षक जेवून लॅबमध्येच येतील. तोवर झालं नाही, तर यांना शून्य लिहावं लागेल."

त्या गेल्या.

प्रबुद्धनं वायरी तपासल्या. मोठं यंत्र चालू होतं, त्यात जागाही भरपूर होती. मग त्यानं हिराच्या संगणकावर दोन-तीन बटणं एकदम दाबली. चित्रं गेली. नुसत्या अक्षरांचा काळा पडदा आला.

"आता लिहा नाव."

हिरानं लिहिलं. या वेळी यंत्रानं तिला आत घेतलं, पण खाली इंग्रजीत एक ओळ टाकली. ती तिनंच वाचली. "घर आहे… पण आत जायची परवानगी न्हाई."

"बघा! चित्रांचा पडदा उघडताना यंत्र आधी तुमच्या घरात एक चिठ्ठी लिहून ठेवतं. घरात पाऊलच टाकता येईना, तर चिठ्ठी कुठं लिहिणार? म्हणून ते तुमाला गुपचूप परत दारात आणून सोडतं." तो घाईघाईनं टाइप करू लागला. "तुमचं घर कुणाच्या मालकीचं दिसतंय, ते बघू…"

पडद्यावर उत्तर आलं. दोघांनी एकदमच वाचलं.

"माझ्या घरावर तुमचं नाव?"

प्रबुद्धचे कान लाल झाले. "मी… मी न्हाई लावलं. शपथ."

"आजच भेटलात, आन लगेच घर नावावर?"

"अहो खरंच…" तो घाईनं दुसऱ्याचं घर बघू लागला. हिरा ओठ दाबून हसली. पण नवनाथचं घर तपासलं तर ते अमृता मॅडमच्या नावावर निघालं, आणि मॅडमचं तिसऱ्याच कुणाच्या. हसू विरलं. सगळीच घरं इकडची तिकडं झाली होती.

हिरा पडद्याकडं बघत राहिली. तिला पाणवठा आठवला.

"पाण्यावर दोन कळप मिसळले ना, की बाबा नावानं हाका मारत न्हाईत. कानाची खूण बघतात. हे तुमचं मोठं यंत्र माणसाला कशानं ओळखतं? नावानं?"

"आकड्यानं. नाव आपल्यासाठी असतं. त्याच्याकडं प्रत्येकाचा एक आकडा…" तो मध्येच थांबला. हात बटणांवर तसेच राहिले. "जुनं यंत्र काढून मी नवं बसवलं. सगळ्यांची खाती नव्यानं उघडली. आकडे रांगेनं पडत गेले. आन रांग मी बदलली व्हती. घरांवर मात्र आकडे जुनेच राहिले."

"का?"

तो वळून खिडकीबाहेर बघू लागला. "आधी रांग आडनावांची व्हती. शाळेत गुरुजी आडनावं वाचायचे. माझं आलं की क्षणभर थांबायचे, आन मागनं कुजबुज व्हायची. माझ्या आईनं, बायडाबाईनं हौसेनं ठेवलेलं नाव कुणी उच्चारायचंच न्हाई. म्हणून इथं मी ठरवलं, नावांचीच रांग." त्यानं श्वास सोडला. "आता परत आडनावं लावावी लागतील."

हिरालाही वर्गात कुणीतरी 'मेंढरं' म्हणून हाक मारायचं. तिनं ती हसण्यावारी नेली होती. यानं नेली नव्हती. तिला ते आवडलं.

"पण रांगेचा आन आकड्याचा काय संबंध?" ती हळूच म्हणाली. "खूण जुनीच ठेवा. उभं करा तुमच्या रांगेनं. मेंढरू पुढं चाललं काय, मागं चाललं काय, कान तोच."

प्रबुद्धनं तिच्याकडं असं पाहिलं, की हिरानं नजर टेबलावरच्या धुळीत नेली.

"तुमाला कोण म्हणालं, तुमाला परीक्षा द्यायची गरज आहे?"

"बाबा म्हणाले. चला, हात चालवा!"

जुन्या यंत्राची डिस्क आतल्या खोलीत अजून तशीच होती. तिच्यावरून हिरा एकेकाचा आकडा वाचत गेली, तो नव्या रांगेत घालत गेला. स्वतःला मात्र त्यानं सगळ्यांच्या मागचा, कुणाचाच नसलेला आकडा दिला. व्हरांड्यात परीक्षकांच्या चपला वाजल्या, तेव्हा हिरानं नाव लिहिलं, मेंढीचं नाव लिहिलं. पडदा काळा झाला. तिनं डोळे मिटले.

"उघडा," तो कानाशी कुजबुजला.

समोर तिनं स्वतः लावलेला फोटो होता — ओल्या माळावर कोकरू पाजणारी मेंढी.

"झालं काय होतं, प्रबुद्ध?" अमृता मॅडमनी सगळ्यांदेखत विचारलं.

"चूक माझी व्हती, मॅडम. उपाय हिराचा."

त्यानंतर खिडकीजवळचा संगणक बंद पडायचं नावच घेईना, कारण हिरा यायच्या आधी कुणीतरी त्याची धूळ पुसून ठेवी. आणि हिराच्या डब्यात दुसऱ्या कुणासाठी तरी एक भाकरी जास्त असे. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. फक्त नवनाथ खोकायचा.

माघात निकाल लागला. हिरा पास झाली. ती एस.टी.च्या थांब्यावर उभी होती, तेव्हा प्रबुद्ध धापा टाकत आला.

"अभिनंदन… आन एक काम व्हतं. पारगावला आमचा ऊस तुटून गेलाय. रान मोकळं आहे. आमचे वडील, भागुजी अण्णा, म्हणत व्हते, खताला मेंढरं बसवावीत. तुमच्या बाबांना विचाराल?"

हिरानं भुवई उचलली. "आमच्या बोरीपास्नं पारगावापर्यंत दुसरी मेंढरंच न्हाईत वाटतं?"

"आहेत की. पण… त्यांच्या मालकाला अशी पोरगी न्हाई."

वाऱ्यानं ओढणी उडाली. तिनं ती धरली नाही.

"मेंढरं बसली, की बाबा रानाच्या मालकाशी रात्रीच्या भाकरीला बोलत बसतात," ती म्हणाली. "गाव विचारतात. मग आडनाव विचारतात. आन कदाचित… गप्प बसतील."

"विचारू दे." प्रबुद्धची मान या वेळी खाली गेली नाही. "आधी नाव सांगंन. मग आडनाव बी सांगंन. माझं मीच, मोठ्यानं."

एस.टी. आली. हिरा पायरीवर चढली आणि दांडीला धरून वळली.

"मग सांगते बाबांना, शनिवारी पारगावला चला म्हणून. आन तुमी सांगाल तेव्हा ते गप्प बसले ना, तर घाबरू नका." तिनं क्षणभर थांबून त्याच्याकडं पाहिलं. "मी तुमच्या बाजूला बसलेली असंन."